ओटोच्या पानात काहीतरी नवीन

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे रक्त सांडणार आहे. थोडंसंच, पण माझं आहे हो ते!

जर्मनीत बॉबलिंगेनला नोकरी लागली तेव्हा जे घर मिळालं, त्याचा करार जेमतेम वर्षाचा. मालकीणबाई, फ्राऊ केलर, खालीच राहायच्या. "सुट्टीहून आले की कराराचं बघू," म्हणाल्या आणि स्पेनला जाताना किल्ली माझ्या हातात ठेवली. ओटोला सांभाळायचं! ओटो म्हणजे कुत्रा वाटला ना तुम्हाला? मलाही वाटला होता. ओटो म्हणजे साप! केशरी, बिनविषारी, काचेच्या पेटीत राहणारा. सूचना साधी: फ्रीजरमधला उंदीर गरम पाण्यात मऊ करायचा आणि चिमट्याने त्याच्यापुढे धरायचा.

जर्मनीत घर शोधणं काय असतं, ते शोधलेल्यालाच विचारा. म्हणून मी ठरवलं, ओटो खूश तर बाई खूश, आणि बाई खूश तर घर आपलं.

नेमक्या सासूबाई आलेल्या. उंदीर बघून त्यांचा जीव कळवळला. ओटोसाठी हो, उंदरासाठी नाही!

"अहो जावईबापू, दर वेळी उंदीरच? मुक्या जिवाला कंटाळा येत नाही होय? दूध तरी द्या थोडं."

"आई, साप दूध पीत नाही!" मी एवढं खणखणीत विज्ञान सांगितलं की आतून बायको म्हणाली, "झालं. आता हा काहीतरी करणार."

केलंच! दुकानातून गोठवलेलं कोंबडीचं पिल्लू आणलं. ओटोने ढुंकूनही पाहिलं नाही. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं, नव्या खाण्याला ओळखीचा वास लावा. मग काय! ज्याच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा शिजत नाही, असा मी पिल्लावर उंदीर घासत बसलो. दोन्ही हातांनी, भरल्या वांग्याला मसाला चोळावा तसा, अगदी मन लावून!

चिमट्यात पिल्लू धरलं, पेटीची काच सरकवली. ओटोने मान उचलली. जीभ लपलप.

"बघा आई, बघा! आवडलं त्याला!"

ओटो पुढे आला, पिल्लाला बगल दिली आणि थेट माझा अंगठा धरला!

पिल्लाला वास लागला की नाही कोण जाणे, मला मात्र सणसणीत लागला होता. मी नाचतोय, सासूबाई हळदीचा डबा घेऊन माझ्यामागे धावतायत, बायको स्पेनला फोन लावतेय. तेवढ्यात ओटोने रक्ताळलेला अंगठा सोडला आणि गपचूप आपल्या कोपऱ्यात जाऊन बसला. फोन लागला, तो मी घेतला.

"फ्राऊ केलर, ओटो चावला!"

"ओ गॉट! त्याचा दात नाही ना तुटला?"

"अहो, माझा अंगठा..."

"साबणाने धुवा. पण उंदराचा वास आल्याशिवाय तो चावत नाही, तुमच्या हाताला वास कसा?"

"आहारात जरा... बदल म्हणून."

"ओटोने मागितला होता?"

गेलं घर! कपाटं कशी उतरवायची, याचाच विचार सुरू झाला डोक्यात.

"बरं, मग त्याला सोडवलंत कसं?"

"त्यानेच सोडलं."

"स्वतःहून?"

"हो."

पलीकडे बाई अशा खदखदून हसल्या की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"मग करार वाढवू या! तोंडात धरलेलं ओटो कधीच सोडत नाही हो, इतके बेचव असाल तर राहा खुशाल!"