आवाज आप्पाचाच

आप्पा पाठ केलेलं प्रत्येक वाक्य आधी एखाद्या अनोळखी माणसाला ऐकवून बघायचा. एकदा नाटकाच्या तालमीला निघालो असताना लातूरच्या बसस्टँडवर त्यानं बाकावर बसलेल्या लोहा गावच्या दोघांना काळजीच्या सुरात विचारलं की आमची म्हैस इकडं दिसली का. त्या भल्या माणसांनी म्हशीचा रंग विचारला, शिंगं कशी आहेत ते विचारलं, आणि एक जण तर डेपोच्या मागे बघायलाही गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पा मात्र खूश. "टाळी पडली तर नाटक झालं," तो म्हणायचा. "समोरच्यानं उत्तर दिलं, तर मी बोललो."

आज तुम्ही त्याला पडद्यावरून ओळखता. मी ओळखायचो तो लातूरजवळच्या मुरुडच्या किराणा दुकानात साखर तोलता तोलता संवाद घोकणारा आप्पा. मी कॉलेजात मराठी शिकवायचो, म्हणून तो मला गुरुजी म्हणे. आमचे आवाज इतके सारखे की फोनवर नुसतं 'हॅलो' म्हटलं तर त्याची आईसुद्धा फसायची. फरक कळायचा तो पुढं बोलायला लागल्यावर. माझे वडील शाळामास्तर. त्यांनी छडीच्या जोरावर माझ्या जिभेवरचं गाव पुसून टाकलं होतं. आप्पाच्या जिभेवर मुरुड जसंच्या तसं होतं, आणि त्याला त्याचा काडीचाही संकोच नव्हता.

पहिल्या मोठ्या सिनेमात त्याला नायकाच्या भावाचं काम मिळालं. शूटिंग झाल्यावर दिग्दर्शकाला त्याची बोली खटकली. मला पुण्याहून फोन आला: आवाज जुळतो, भाषा स्वच्छ आहे, डबिंगला या. मी गेलो. पेपर तपासायला चाललोय, असं आप्पाला सांगून गेलो. पडद्यावर आपला आवाज ऐकायची हौस होती, दुसरं काही नाही.

लातूरच्या थिएटरात त्याची आई आम्हा दोघांच्या मध्ये बसली होती. लेक पडद्यावर बोलू लागला तशी ती त्याच्याकडे वळली. "त्वांड तुजं हाय. आवाज कुनाचा घातलाय रं?"

आप्पानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग आईला म्हणाला, "माजाच हाय, आये. सर्दी झाल्ती तवा."

पुढचे दोन तास मी कसे काढले ते माझं मला माहीत. बाहेर आल्यावर चहाच्या गाड्यापाशी मी सगळं कबूल केलं. तो भांडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "तू न्हाई तर दुसरा कुनी गेला असता, गुरुजी. पर आता माज्या त्वांडात माजाच आवाज. न्हाई तर काम नको."

हा हट्ट त्याला महागात पडला. या अटीपायी चांगली चांगली कामं गेली आणि तो कित्येक वर्षं परत दुकानात बसला. अट सोड, मुंबईत असं चालत नाही, म्हणून मीच त्याच्या मागे लागायचो. तो हसायचा आणि गिऱ्हाइकाला हळद बांधून द्यायचा. शेवटी एका नव्या दिग्दर्शिकेला देगलूरकडचा एसटी ड्रायव्हर हवा होता. त्या सिनेमात आप्पा स्वतःच्या आवाजात बोलला आणि सगळ्या महाराष्ट्रानं कान टवकारले. ज्यांचे उच्चार सुधारण्यात मी हयात घालवली, ती माझ्या वर्गातली पोरं आता उभी राहून ठसक्यात आप्पासारखी बोलायची. मला रागवायला तोंड नव्हतं. खरं सांगायचं तर अभिमानच वाटायचा.

गेल्या वर्षी त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव तेवढा राहिला, आवाज गेला. एका सिनेमाचं शूटिंग संपलं होतं, डबिंग बाकी होतं. निर्मात्यानं मोठमोठी नावं सुचवली. आप्पानं पाटीवर माझं नाव लिहिलं. मी हात जोडले. ते पाप मला पुन्हा करायचं नव्हतं. त्यानं पाटी पुसली आणि लिहिलं, 'तवा तू घेतलास. आता मी द्यायलोय.'

स्टुडिओत तो काचेपलीकडे बसला. मी बोललो, त्यानं नकारार्थी मान हलवली. पुन्हा बोललो, पुन्हा मान. आयुष्यभर धुऊन काढलेली बोली जिभेवर यायलाच तयार नव्हती. नक्कल तेवढी होत होती. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी पडद्यावरचा आप्पा लेकीला निरोप देत होता, आणि मला माझी आई आठवली. वडील घरात नसले की ती माझ्याशी कशी बोलायची ते आठवलं. मी बोललो. काचेपलीकडे आप्पानं डोळे मिटून घेतले होते. या वेळी त्याची मान हलली नाही.

सिनेमा लागला तेव्हा आप्पा नव्हता. लातूरच्या थिएटरातून बाहेर पडताना माझ्या शेजारून चालणारा एक म्हातारा, मला न ओळखता, उपरण्यानं डोळे पुसत म्हणाला, "आवाज म्हणावं तर गड्याचा. शेवटपतूर तसाच खणखणीत ऱ्हायला बगा."

मी नुसतं 'हाव' म्हणालो.