स्पीकरची पिन

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे इस्राएलमधल्या आमच्या रामल्यात कुणालाही विचारा. कुणाला दिवस गेले, कुणाचं लग्न मोडलं — आधी मला कळतं आणि माझ्यामागून गावाला. तरीही ही एक गोष्ट कधी तोंडातून बाहेर पडली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, बहिणीला तर नाहीच नाही. का? लाज वाटते म्हणून, दुसरं काय. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुमच्यापाशी सुरुवात करणं जरा सोपं जातंय.

आधी मोझेसभाऊंबद्दल सांगते, कारण त्यांच्याबद्दल बोलायला मला आवडतं. आज मी तेल अवीवमध्ये लग्नांना, गाण्यांच्या कार्यक्रमांना साउंड लावते. त्यावर माझं घर चालतं. ही वाट मला मोझेसभाऊंनी दाखवली. ते आमचे नातेवाईक नव्हेत. ठाण्याला आमच्याच गल्लीत राहायचे आणि आमच्यामागून काही वर्षांनी इस्राएलला आले. दिवसा कारखान्यात जायचे, संध्याकाळी रामल्याच्या बाजारामागे एका गाळ्यात रेडिओ, टेप दुरुस्त करायचे. गाळा नुकताच उघडला होता. आपल्या मराठी ज्यू माणसांनी विश्वास टाकावा आणि एक दिवस कारखाना सोडता यावा, एवढंच त्यांना हवं होतं.

आल्बर्टमामा, म्हणजे माझ्या आईचा भाऊ, मुंबईहून येताना व्हॉल्व्हचा गिटार अँप्लिफायर घेऊन आला होता. त्यापायी मामीच्या अर्ध्या साड्या मुंबईत राहिल्या, असं मामी शेवटपर्यंत ऐकवायची. आपल्या लोकांत कुठे मेंदी असली की मामा आणि त्याचं ते खोकं आलंच. पण खोक्यातून सतत घूंऽऽ असा आवाज यायचा, आणि कधी कधी गिटारच्या तारांतून मामाला झटकाही बसायचा. नव्वदीच्या दशकात माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. तिची मेंदी आमच्याच घरी होणार होती. तेव्हा मामाने ते खोकं मोझेसभाऊंच्या स्वाधीन केलं. हे काम जमलं तर मेंदीला आलेले सगळेच उद्या गाळ्यावर येणार, हे त्यांना ठाऊक होतं. आम्हालाही होतं.

मी तेव्हा सैन्यात होते, इथे मुलींनाही ते सक्तीचं. रजेवर आले की गाळ्यावर जाऊन बसायची. त्यांनी जुनी दोन तारांची वायर काढून तीन तारांची घातली आणि अर्थिंग दिलं — मामाचा जीव वाचवला म्हणा ना. मागच्या पट्टीवर तो घूंऽऽ आवाज, म्हणजे हमिंग, कमी करायचा एक लहानसा स्क्रू होता. ते मागे बसून तो फिरवत आणि मी पुढे उभी राहून सांगत होते — अजून थोडं, नको, मागे घ्या, हां. "पोरी, तुला कान हाय," ते म्हणाले. मग त्यांनी मागची पट्टी मला नीट समजावली. इथे फ्यूज, इथे स्पीकरची पिन. "ही पिन काढून कवा वाजवायचा नाय. आतला ट्रान्सफॉर्मर जळंल." मी मान हलवली. म्हणजे मला माहीत होतं, हे ध्यानात असू द्या.

मेंदी शनिवारी रात्री होती. शुक्रवारी संध्याकाळी मामाने खोकं आमच्या दिवाणखान्यात मांडलं आणि चालू करून पाहिलं. तो गप्पांत रंगला असताना आईने शब्बाथच्या बत्त्या लावल्या. झालं. शब्बाथ लागला की शनिवारी अंधार पडेपर्यंत विजेच्या बटणाला हात नाही, आणि आमचे पप्पा तर सिनेगॉगमध्ये सगळ्यांपुढे उभे राहून प्रार्थना म्हणणारे. खोकं चालूच राहिलं. "असू दे," आई म्हणाली, "फ्रीजपन असाच बोलतो."

शनिवारी दुपारी सगळे आतल्या खोल्यांत झोपले होते आणि मी त्या खोक्याशेजारी सोफ्यावर. छावणीत आठवडाभर धड झोप नव्हती. मोझेसभाऊंनी आवाज खूप कमी केला होता, पण शांत घरात जो उरला होता तो ऐकू येतच होता. आवाजाचं बटण शून्यावर असलं तरी तो येतो. डोकं उठलं. शेवटी उठले, मागे गेले आणि स्पीकरची पिन ओढून काढली. बटणाला हात लावला नाही, लाल दिवा पेटला होता तसाच राहिला — मग शब्बाथ कुठे मोडला? अशी माझी पळवाट. उठल्यावर पिन परत घालायची, असंही ठरवलं होतं. फार छान झोप लागली.

जाग आली ती आईच्या हाकेने. मग शब्बाथ संपल्याची प्रार्थना, पाहुणे, मेंदीची ताटं, बहिणीचा हिरवा चुडा — पिन डोक्यातून पार गेली. मामाने गिटार जोडून तार छेडली. आवाज नाही. त्याने बटण फिरवलं, आणखी फिरवलं, पार शेवटापर्यंत नेलं आणि सगळ्या तारांवर जोरात हात मारला. आत काहीतरी निळं चमकलं, जळक्या डांबरासारखा वास आला, धूर निघाला आणि घरातले दिवे गेले.

मी खोक्याच्या मागेच उभी होते. दिवे गेले आणि मला आठवलं. काय केलं मी? 'माझी चूक' म्हटलं? नाही. अंधारात वाकले, चाचपडत पट्टी शोधली आणि पिन परत आत घातली.

हेच ते. पिन काढली तो आळस म्हणा, विसरले तो विसरभोळेपणा म्हणा. घालताना मात्र मी पूर्ण शुद्धीवर होते.

दिवे आले. पाहुण्यांत मोझेसभाऊही होते, त्यांनी मागे वाकून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मामाकडे, आणि म्हणाले, "माझ्याच हातून काय तरी राहिलं असंल." मी एक रिकामं ताट उचलून स्वयंपाकघरात गेले.

"बॉम्बेत इतकी वर्सं वाजला, मोझेसच्या हातात हप्ताभर टिकला नाय." मामा मनाचा वाईट नव्हता, बोलघेवडा होता. पण हे वाक्य त्याने पुढच्या प्रत्येक मेंदीत सांगितलं, आणि ते पार किर्यात मलाखी गावातल्या आपल्या लोकांपर्यंत पोचलं. गाळ्याकडे आपलं माणूस फिरकेना. शेवटी मोझेसभाऊंनी गाळा बंद केला आणि लांब मित्स्पे रामोनला एका हॉटेलात दुरुस्तीची नोकरी धरली.

आणि मी काय करत होते? मनाची समजूत घालत होते, की त्यांना कळलंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं ना? कळलं आणि त्यांनी माझी चूक पोटात घातली — माणूसच तसा तो. सैन्यातून सुटून मी घरी बसून होते तेव्हा त्यांचाच फोन आला. तेल अवीवला ओळखीत साउंडच्या कामाला माणूस हवंय, मी तुझं नाव सांगितलंय, म्हणाले. मी रडले. याहून मोठी क्षमा कोणती, असं वाटलं. कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानत राहिले — कामासाठी आणि क्षमेसाठी.

गेल्या पेसाखच्या सणाच्या सुट्टीत मुलांना घेऊन त्यांच्याकडे गेले होते. जेवताना माझ्या मुलाने हिब्रूत विचारलं, मित्राच्या अँप्लिफायरचं हमिंग काढून द्याल का, जुना व्हॉल्व्हचा आहे. त्यांनी हसून मान हलवली, नाही म्हणाले. सारावहिनी, त्यांची बायको, मला म्हणाल्या, "त्या मेंदीनंतर व्हॉल्व्हला हात नाय लावला यांनी. अजून मधीच मला विचारतात, काय राहिलं असंल गं माझ्याकडनं?"

त्यांना कळलंच नव्हतं. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मी समोर उभी होते म्हणून. क्षमा मी माझी मलाच देऊन टाकली होती. काम मात्र त्यांनी दिलं होतं, निव्वळ चांगुलपणाने, आणि ते देताना त्यांच्या मनात माझ्याबद्दल काहीही नव्हतं. मग तिथे तरी मी बोलले का? माशाचं कालवण छान झालंय म्हणाले आणि आणखी भात वाढून घेतला.

पप्पा गेले, मामाही गेला. आता भिण्यासारखं कुणी उरलेलं नाही आणि तरी त्या ताटावर मी गप्प बसले. म्हणजे शब्बाथला पिन काढली हे कळलं तर पप्पा रागावतील, या भीतीने तेव्हा बोलले नाही, असं जे मी स्वतःला सांगत आले, तेही खरं नव्हे.

माझ्या मुलांना मराठी वाचता येत नाही. मोझेसभाऊ मात्र अजून मराठीच वाचतात, म्हणून हे मराठीत लिहिलं. मोझेसभाऊ, माझ्या घरातली चूल तुमच्यामुळे पेटते, हे मी एक दिवसही विसरले नाही. तुमच्या हातून काहीही राहिलं नव्हतं. अर्थिंग बरोबर होतं, प्रत्येक डाख बरोबर होता. पिन मी काढली होती, आणि अंधारात मीच परत घातली.