साडूंची खुर्ची

आमच्या साडूंइतका एकसारखेपणाचा भक्त अख्ख्या कर्जत-खालापुरात झाला नाही. आणि त्यांनी नीट लावलेली घडी विस्कटून वर नामानिराळा राहिलेला, माझ्याइतका सभ्य माणूसही झाला नाही. पहिली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. दुसरी सांगायला मला अकरा वर्षं लागली.

भिसेगावात त्यांच्या घरी गेलात तर दारातल्या सगळ्या चपला, पाहुण्यांच्यासुद्धा, एकाच दिशेला तोंड करून उभ्या दिसत. विहारातल्या कार्यक्रमाला ते खुर्च्या दोरी धरून लावायचे आणि वक्त्याने आपली खुर्ची जरा पुढे ओढली की भाषण संपेपर्यंत अस्वस्थ असायचे. घरातल्या पाचही फोनना त्यांनी एकच रिंग लावली होती. कुणाचाही वाजला की पाच जण एकदम खिसे चाचपायचे. माझी मेहुणी कपाळावर हात मारून म्हणायची, "ह्यांना वाटतं मी पन हापिसातला डबा हाय. काल सांगतात, भाजीत गूळ बंद. सगळ्यांना लागू!"

या डब्यांविषयी सांगायला हवं. आमच्या शिक्षणसंस्थेच्या सगळ्या शाळांमध्ये कॉम्प्युटरऐवजी थिन क्लायंट नावाची वहीएवढी यंत्रं बसवली होती. त्यांच्या पोटात काही साठत नाही. सगळं काम कर्जतच्या मुख्य कार्यालयातल्या एका मोठ्या यंत्रात चालतं आणि डबा ते फक्त पडद्यावर दाखवतो. साडू कार्यालयातल्या आपल्या खुर्चीवर बसून एका ठिकाणी एक बदल करायचे आणि शेलूपासून लोधिवलीपर्यंतचे सगळे डबे तो मुकाट्याने पाळायचे. माणसांनी त्यांचं जे कधी ऐकलं नाही, ते डब्यांनी ऐकलं. "साडूभाऊ," ते मला म्हणायचे, "डब्यासारखा इमानदार कोन नाय. पोटात काय ठेवत नाय."

मी त्याच संस्थेत कार्यालय अधीक्षक होतो आणि पोटात बरंच काही ठेवून होतो. पहिली गोष्ट म्हणजे माझे डोळे. पडद्यावरची अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसत, पण चष्म्याचा नंबर वाढला हे कबूल करणं अधीक्षकाला शोभलं नसतं, अशी माझी समजूत. मी साडूंना नुसतं म्हटलं, "माझ्या पडद्यावरची अक्षरं जरा मोठी करा की." ते म्हणाले, "एकाला केलं का सगळ्यांना करायला लागंल. वेगळं कोनालाच नाय." मला राग आला. साडूचं नातं, त्यात मी थोरल्या बहिणीचा नवरा!

मग तो दिवस आला. शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस. लोधिवलीच्या शाळेतला एक डबा सुरूच होईना, म्हणून साडू स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिकडे गेले. जाताना मला म्हणाले, "जरा बसा माज्या खुर्चीवर. चालू ठेवलंय. कशाला हात लावू नका." साडेअकराच्या सुमारास मी हात लावला. अक्षरांचा आकार सापडला, तो मी चांगला दुपटीहून जास्त केला. यंत्राने विचारलं, "सर्वांना लागू करायचे?" प्रश्न बारीक अक्षरात होता. मी होय म्हटलं.

पाच मिनिटांत फोन सुरू झाले. सगळ्या शाळांमध्ये अक्षरं भोपळ्याएवढी झाली होती आणि अर्ज पाठवायचं बटण पडद्याच्या बाहेर गेलं होतं. शेलूच्या बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "सर, नुसतं 'विद्यार्थ्याचे' एवढंच दिसतंय. विद्यार्थ्याचं काय ते दिसत नाय!" मी गंभीर आवाजात म्हणालो, "चौकशी करतो." साडू धापा टाकत परत आले, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत केलं. अर्ज कसेबसे गेले, पण अध्यक्षांचा पारा उतरेना. कुणाला तरी जबाबदार धरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी साडूंना कारणे दाखवा नोटीस निघाली. ती मीच टाइप केली. गंमत अशी, की त्या सकाळी माझ्या पडद्यावरची अक्षरं छान मोठी दिसत होती. पूर्ववत करताना माझा डबा राहून गेला असावा, असं समजून मी खूश झालो आणि एकही चूक न करता नोटीस लिहून काढली. साडूंचं उत्तर एका ओळीचं होतं: "चूक माझ्या खुर्चीवरून झाली, हे मान्य आहे." तेव्हा ते लोधिवलीला होते, तिथले मुख्याध्यापक साक्षीला होते, पण त्यांनी लोधिवलीचं नाव काढलं नाही. त्यांची खुर्ची गेली. खडू आणि हजेरीपटांच्या भांडारात त्यांना बसवलं. तिथेही त्यांनी खडूंची खोकी एका रेषेत लावली. पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो. सत्कारात माझ्या काटेकोर कारभाराचं कौतुक झालं, तेव्हा पहिली टाळी साडूंची होती.

गेल्या महिन्यात एका दाखल्यासाठी कार्यालयात गेलो होतो. साडूंच्या जागेवर आता एक हुशार मुलगी आहे. ती म्हणाली, "आजोबा, सगळ्या डब्यांचं सेटिंग एक आहे, फक्त तुमच्या जुन्या टेबलावरचा वेगळा. त्याच्यापुढे एक टीप आहे, म्हणून कुणी बदलला नाही." तिने टीप दाखवली. "अक्षर मोठे ठेवावे. साडूंचे डोळे. विचारू नये." तारीख नोटिशीच्या दिवसाची होती.

साडू आता मुलाकडे शेलूला असतात. हे सगळं लिहून मी त्यांच्याकडे घेऊन गेलो. कागद त्यांनी लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. "तुमीच वाचा. मला आता बारीक दिसत नाय." मी वाचलं. ते खिडकीबाहेर बघत होते. शेवटी म्हणाले, "बरं लिवलंय. पन साडेअकरा नाय, साडूभाऊ. अकरा एकेचाळीस. यंत्रात नोंद होती."

वर मी साडेअकरा तसंच ठेवलं आहे. दुरुस्ती साडूंची आहे, ती त्यांच्याच शब्दांत राहू दे. त्यांच्यासाठी हे सगळं मी आता पुन्हा, मोठ्या अक्षरात, हाताने उतरवून काढतो आहे.