दुपारी दिसलेले पट्टे

आमची पेटी चिलीतल्या डोंगरावर होती आणि मी सिडनीतल्या क्वेकर्स हिलमध्ये, जेवणाच्या टेबलापाशी लॅपटॉप उघडून. तिकडे रात्र, इथे भर दुपार. एकमेकींपासून लांब उभ्या असलेल्या दोन दुर्बिणींतून एकाच ताऱ्याचा इन्फ्रारेड प्रकाश त्या पेटीत आणायचा आणि त्याची गाठ घालून द्यायची, एवढंच तिचं काम. दोन्हीकडून येणाऱ्या वाटा अगदी केसाच्याही फरकाशिवाय सारख्या झाल्या, की स्क्रीनवर काळेपांढरे पट्टे उमटतात. अशा पट्ट्यांवरूनच ताऱ्याचं चित्र तयार होतं. नाहीतर तारा आपला नुसता ठिपका.

या पेटीपायी मी युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये कित्येक वर्षं रक्त आटवलं होतं. आणि डोंगरावरच्या वेधशाळेच्या प्रमुख बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, आज पट्टे दिसले नाहीत तर पेटी उतरवून सिडनीला परत.

पट्टे काही दिसेनात. वाट कमीजास्त करायला आरसा बसवलेली एक गाडी रुळावर मागेपुढे सरकवावी लागते. मी इथून सांगत होते, तिथे गेलेला माझा नागपूरचा सहकारी ती सरकवत होता. स्क्रीनवर नुसत्या मुंग्या. माझं डोकं फिरायला लागलं.

दुर्बिणींतून पेटीपर्यंत प्रकाश आणणाऱ्या आमच्या दोन फायबर केबल्सपैकी एक वीतभर लांब होती आणि सगळं गणित तिच्यावर बेतलेलं होतं. म्हणून मी विचारलं, "लांबवाली पहिल्या दुर्बिणीलाच आहे ना?"

त्याने गाडी थांबवली.

"अगं, आखूडवाली दुसरीपर्यंत पोचतच नव्हती. मग मी स्वॅप केल्या. म्हटलं, नो वरीज..."

"नो वरीज? अरे गाढवा, मघापासून आपण उलट्या बाजूला शोधतोय!"

तिकडे स्पीकर चालू होता. कंट्रोल रूममध्ये मराठी कळणारं आणखी कुणी नव्हतं, पण माझा सूर सगळ्यांना कळला असणार.

त्याने निमूटपणे गाडी दुसऱ्या बाजूला नेली. आणि आले! थरथरत, पुसट, पण पट्टेच! मी अशी किंचाळले की मुलगी खोलीतून धावत आली.

"मम्मा, व्हॉट हॅपन्ड?"

"बघ, बघ, तारा!"

"दॅट्स जस्ट स्ट्राइप्स."

"गप गं! जगात याहून सुंदर स्ट्राइप्स नाहीत!" मी तिला उचलून गरागरा फिरवलं.

तेवढ्यात स्पीकरवर प्रमुख बाईंचा आवाज आला. आता या आरडाओरड्याबद्दल बोलणी बसणार, म्हणून मी सावरून बसले.

त्यांनी विचारलं, "तुमच्या पेटीत तिसऱ्या दुर्बिणीला जागा आहे का?"