एक गिअर आणि बोटभर ढील

सासऱ्यांची सायकल मी मोडली. ‘मोडली’ हा शब्द बायकोचा. माझ्या मते मी फक्त गिअर बदलला. दूध घेऊन येत होतो, गल्लीच्या तोंडाशी ओळखीचे लोक उभे दिसले, म्हणून जरा ऐटीत खटका ओढला. मागच्या चाकाशी गिअरचा तो दांडा वर्षानुवर्षं निमूटपणे लोंबत होता. त्याच्या काय मनात आलं कोण जाणे, तो सरळ आऱ्यांत शिरला. मी हँडलवरून पुढे, दूध माझ्याही पुढे, आणि चेन मागे रस्त्यावर मेलेल्या सापासारखी पडलेली. ओळखीच्या लोकांनी ओळख दाखवली नाही, एवढाच काय तो दिलासा.

सायकल खांद्यावर घेऊन घरी आलो. सासरे दारातच होते. त्यांनी आधी दुधाच्या रिकाम्या किटलीकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्याकडे, मग सायकलीकडे. आणि अंगठ्याने मागचा टायर दाबून म्हणाले, “हवा शाबूत आहे.”

या अंगठ्याबद्दल सांगायला हवं. सासऱ्यांची उभी हयात बेकरीत भट्टीपुढे गेली. पीठ भिजलं की नाही, फुगलं की नाही, हे अंगठ्याने दाबून ठरवायचं. बेकरी सुटली, अंगठा सुटला नाही. उशी, टायर, कलिंगड, डॉक्टरांच्या खुर्चीची गादी, काय दिसेल ते दाबून बघतात. लग्न ठरवायला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हात मिळवता मिळवता माझा दंड दाबून पाहिला होता आणि लेकीला म्हणाले होते, “अजून फुगायचंय.” ते मत अजून बदललेलं नाही.

लेक एकुलती, म्हणून आम्ही चौघं एकाच घरात राहतो. दोन खोल्या, चार माणसं आणि एक टीव्ही. सासरे आणि सासूबाई यांच्यात घरात होणारं संभाषण एकंदरीत असं: “मीठ?” “घातलंय.” मला वाटायचं, इतक्या वर्षांच्या संसारात बोलायचं होतं ते बोलून झालं असेल. सासूबाई इस्पितळाच्या कपडेघरात फाटक्या चादरी शिवतात. रोज संध्याकाळी सासरे सायकलीवरून त्यांना आणायला जातात. कॅरिअरवर सासूबाईंनी स्वतः शिवलेली गादी आहे. येताना सपाटीवर त्या मागे बसतात. घराच्या अलीकडे मोठा चढ लागतो, तिथे दोघं उतरतात आणि सायकल ढकलत चालत येतात.

हेच बायकोला खुपायचं. सायकलीची गत पाहून ती म्हणाली, “बरंच झालं! म्हातारा-म्हातारी धापा टाकत सायकल ढकलतात आणि अख्खी गल्ली बघते. इस्पितळाची व्हॅन आहे, तिच्यात एक जागा रिकामी आहे. आज संध्याकाळीच ड्रायव्हरला सांगते. आजपासून आई व्हॅनने येईल.”

सासऱ्यांचा चहाचा कप तोंडापाशी थांबला. “आजपासून?”

“आजपासून. कायमची.”

“आणि संध्याकाळपर्यंत सायकल चालायला लागली तर?”

बायको हसली. “चालली, आई मागे बसली आणि वाटेत एकदाही चेन पडली नाही, तर बघू.”

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. “जावईबापू, उचला सायकल.”

कोपऱ्यावरचा सायकलवाला गिअरच्या दांड्याकडे पाहून चुकचुकला. “याचं तेरावं घाला, काका. गिअर विसरा, एका चक्रावर चालवा.” त्याने मागच्या चाकावरची चक्रांची उतरंड काढली आणि पुढ्यात फ्रीव्हीलची दोन सुटी दातेरी चक्रं ठेवली, एक थाळीएवढं, एक बशीएवढं. “मोठं घ्या. चढाला हलकं जाईल.”

“छोटं द्या,” सासरे म्हणाले.

“अहो काका, त्या चढावर छोट्याने छाती फुटेल! सपाटीवर पळेल, पण चढ काही बसून चढवणार नाही तुम्हाला.”

“छोटं द्या.”

मी मनात म्हटलं, हा पुरुषी ताठा. वय झालं तरी मोठं चक्र म्हणजे कमीपणा वाटत असणार. पण ज्याने सायकल मोडली त्याने मतं मांडू नयेत, एवढं शहाणपण मला गुडघ्याने दिलं होतं. सायकलवाल्याने छोटं चक्र चढवलं, चेन मापाने तोडून जोडली आणि जेवायला म्हणून दुकान ओढून घेतलं. “चेन ताणायचं तेवढं घरी करा. सोपं आहे. चाक मागे ओढायचं, नट आवळायचे.”

सोपं! गिअरचा दांडा असतो तेव्हा चेन सैल पडली तर तो सांभाळून घेतो, घरातल्या मोठ्या जावेसारखा. तो गेला की सांभाळून घेणारं कुणी नाही. मागचं चाक फ्रेमच्या खाचेत पुढेमागे सरकवून आपणच ताण ठरवायचा.

पहिला प्रयोग सासऱ्यांचा. त्यांनी चेन दाबून पाहिली, मान डोलावली, नट आवळले. अंगणात एक फेरी, आणि फाटकापाशी चेन खाली. खिडकीतून बायको म्हणाली, “एक!”

“ही तालीम आहे!” मी ओरडलो.

दुसरा प्रयोग माझा. सैल असली की पडते, म्हणजे घट्ट केली की पडणार नाही, हे माझं तर्कशास्त्र. चाक मागे ओढून धरलं तरी नट आवळताना ते हटकून पुढे सरकायचं. शेवटी मी स्वयंपाकघरातून लाटणं आणलं, फ्रेम आणि टायर यांच्या मध्ये पाचरीसारखं ठोकलं आणि चेन अशी ताणली की वाजवली असती तर सूर लागला असता. सासरे बसले, पेडलवर पाय ठेवला. पेडल फिरेना. जोर लावला तर चक्रातून दळण दळल्यासारखी घरघर. तुटेपर्यंत ताणू नये, ही म्हण काढणाऱ्याने किती ताणावं हे मात्र सांगून ठेवलेलं नाही.

“सोडा,” सासरे म्हणाले. मग ते सायकल उलटी करून तिच्यापुढे पाटावर बसले. एका हाताने पेडल हळूहळू फिरवायचं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा चेनवर. फिरवतात, दाबतात. फिरवतात, दाबतात. मध्येच थांबले. “इथे बघा. इथे ताठ आहे. आता अर्धा फेरा... इथे लोंबते.”

“म्हणजे माझं काहीतरी चुकलं?”

“तुमचं नेहमीचं. पण हे चक्राचं आहे. गोल दिसतं, पण आहे कुठे पुरतं गोल? भट्टीतला एक कोपरा कायम जास्त तापायचा. मग पाव तिथल्या हिशोबाने लावायचे.”

जिथे चेन सर्वांत ताठ होत होती तिथे त्यांनी खडूने खूण केली. तिथेच बोटभर ढील ठेवायची, बाकीकडे आपोआप थोडी जास्त राहते ती राहू द्यायची. लाटणं पुन्हा पाचरीला, मी चाक धरून, आणि ते एकदा या बाजूचा नट, एकदा त्या बाजूचा, थोडाथोडा आवळत. एकदा चाक वाकडं होऊन फ्रेमला घासलं, पुन्हा सोडलं. एकदा माझं बोट चेन आणि चक्राच्या मध्ये आलं. ते त्यांनी दाबून पाहिलं आणि शाबूत ठरवलं. पुढच्या फेरीला फाटकापाशी चेन पडली नाही. खिडकी गप्प होती.

संध्याकाळी बायकोने मला पंच नेमलं. “मागोमाग जा. चेन पडली की फोन करा. व्हॅन थांबवून ठेवलीय.”

इस्पितळाच्या फाटकाशी व्हॅन उभी होती, शेजारी सायकल धरून सासरे. सासूबाई बाहेर आल्या. ड्रायव्हरने अदबीने दार उघडलं. त्यांनी व्हॅनकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं, सासऱ्यांच्या काळ्या हातांकडे पाहिलं.

“हे काय केलंत?”

“बस आधी.”

“पडेन का?”

“चेन पडेल फार तर.”

त्या कॅरिअरवर बसल्या आणि बसल्या बसल्या मला म्हणाल्या, “काळं केलेलं लाटणं घासून ठेवा, जावईबापू. वास येतोय इथपर्यंत.” त्यांना कसं कळलं, हे मला अजून समजलेलं नाही.

मी मागून धावत. सासूबाईंचं वजन पडल्यावर पहिल्या पेडलला चेन जराशी कुरकुरली आणि मी खिशातला फोन चाचपला. मग मात्र सायकल लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. छोटं चक्र सपाटीवर असं पळालं की मी मागे पडलो आणि पंचाला पोटात कळ आली.

चढाच्या पायथ्याशी ते उतरलेले दिसले. सायकल सासऱ्यांच्या हातात, सासूबाईंचा हात कॅरिअरवर. दोघं इतक्या सावकाश चालली होती की मी धापा टाकत असूनही त्यांना गाठू शकलो. सासूबाई हातवारे करून कुठल्यातरी चादरीची हकिकत सांगत होत्या आणि सासरे हसत होते. मी जवळ पोचलो तशी दोघं गप्प झाली.

मी घरी फोन करून सांगितलं, “पडली नाही.” मग न राहवून म्हटलं, “बाबा, सायकलवाल्याचं ऐकून मोठं चक्र घेतलं असतं, तर आईंना घेऊन चढ बसूनच चढला असतात की!”

सासऱ्यांनी चेन अंगठ्याने दाबून पाहिली आणि म्हणाले, “मग बोलायचं कधी?”