रिकामा तलाव आणि चौकीदाराचा पगार

तो रिकामा तलाव आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. फौजदार म्हणून माझी पहिली नेमणूक पवनी तालुक्यातल्या एका ठाण्यात होती. पोलीस सेवा मी पुढे लवकरच सोडली, पण त्या तपासातली धडधड अजून गेलेली नाही.

कोंढ्याकडच्या एका गावातला तलाव ऐन उन्हाळी धानाच्या वेळी रिकामा झाला. चौकीदार लग्नाला सासुरवाडीला गेला होता. परत येईपर्यंत सगळं पाणी नाल्याला लागलं होतं. पाणी सोडायचा दरवाजा फिरवायची लोखंडी चावी त्याच्याच घरात, कुलपात होती. जाताना त्यानेच दरवाजा उघडा टाकला, असं पाटबंधारे विभागाचं म्हणणं पडलं. तक्रार दाखल झाली, तो निलंबित झाला आणि पगाराऐवजी निर्वाह भत्त्यावर आला.

त्याच्याविरुद्ध पुरावा नव्हता. साहेब म्हणाले, "पुराव्याअभावी फाईल बंद करू. तोही सुटेल, आपणही."

मी हे चौकीदाराला सांगितलं. त्याला आनंद होईल असं वाटलं होतं. तो खुर्चीवरून उठलाच.

"तसं नोका करू, म्याडम. पुरावा नाई म्हणून सोडलं तं संशय राह्यतेच. मंग निलंबनाचा काळ नोकरीत धरत नाई. खरा चोर भेटला तरच माया पगार, भत्ते वापस येतीन जी."

मी साहेबांकडून थोडी मुदत मागून घेतली.

पाणी कोणाच्या शेतात गेलं, हेच आम्ही शोधत होतो. ते कोणाच्याच शेतात गेलं नव्हतं. मग एका सकाळी आमचे हवालदार चहाच्या टपरीवरून जवळजवळ पळतच आले. टपरीवाली मावशी त्यांना सहज बोलून गेली होती, "तलाव आटायच्या आधीच भट्टीवाल्यानं मजूर आणून बसवले. माती नसताना मजूर कोण पोसते, भाऊ?"

वीटभट्टीला तलावातला गाळ लागतो आणि गाळ काढायला तलाव सुका लागतो. आम्ही तडक जीप काढली.

तलावावर चौकीदाराला चावी घेऊन बोलावलं. त्याने ती दरवाजाच्या दांड्यावर बसवली आणि एका हाताने फिरवली. दुसऱ्या हाताने तो कपाळाचा घाम पुसत होता. मी वाकून दांड्याचं डोकं पाहिलं. ग्रीसखाली तिरपे, दातेरी ओरखडे होते. चावी तर गुळगुळीत होती. हे काम दातेरी जबड्याच्या पाइपपान्याचं होतं. पहिल्या पंचनाम्यात 'मोडतोड नाही' एवढंच लिहिलं होतं. ग्रीस पुसून कोणी पाहिलंच नव्हतं. मी पंच बोलावून नव्याने पंचनामा केला.

दुपारी भट्टीच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर चौकशीला ठाण्यात आला. बोलका गडी होता. "म्याडम नवीन आहेत वाटते," तो हवालदारांना म्हणाला. मी पंचनाम्याचा कागद पुढे ओढला.

हवालदारांनी टोमणा मारला, "लपवतं कायले? चौकीदार गावाले गेला अन् तू एकट्यानं दरवाजा खोलला."

"एकट्यानं?" तो हसला. "काय बोलता जी. तो दांडा एकट्याच्यानं फिरते का? दोघं झोंबले तरी घाम फुटते."

हवालदार माझ्याकडे पाहू लागले. मी हळूच विचारलं, "चौकीदार तर चावीनं एका हातानं फिरवतो. दोघं लागतात, हे तुम्हाला कसं माहीत?"

त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. संध्याकाळच्या आत पाना जप्त झाला. त्याचा जोडीदार सापडला. मजूर बसून आहेत, तलाव लवकर सुकवा, असं सांगणारा भट्टीमालकही सापडला.

पुढे विभागाचा आदेश निघाला. निलंबन रद्द झालं, तो काळ कर्तव्यकाळ धरला गेला आणि पूर्ण वेतन व भत्ते परत मिळाले. चौकीदार बायकोला घेऊन ठाण्यात आला. मी आदेश मोठ्याने वाचून दाखवला. माझाच आवाज चढत गेला. आरोपीविरुद्ध पुरावा नाही, एवढ्यावर थांबणं सोपं असतं. तेवढ्याने तो तुरुंगाबाहेर राहतो, पण त्याची नोकरी, त्याचं नाव तिथंच अडकून पडतं. हे मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं.

वाचता वाचता वर्दीच्या धुलाई भत्त्याशी आले, तिथे चौकीदाराने मला थांबवलं. "हा चुकून आला जी. निलंबनात मी वर्दी घातलीच नाई."

बायकोने पदर सारखा केला. "तुमी नसन घातली," ती म्हणाली, "मी तं दर आठवड्याले धुऊन ठेवतच होती."