चुलीपुढे कोण बसणार

तिसऱ्या बाळंतपणात मी मरता मरता वाचले. चौथं नको, असं डॉक्टरीणबाईंनी ह्यांना बजावलं. श्रीवर्धनच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा लूप नुकताच आला होता. सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "जा, बसवून ये. मला आणखी नातवंडांपेक्षा तू हवीस." घरात कुणाचाच विरोध नव्हता, हे आधीच सांगून टाकते. लोकांना अशा गोष्टीत खाष्ट सासू लागते.

लूप बसवल्यावर अंगावरून फार जायला लागलं. काही महिने कळ काढा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुखणं मी सोसलंही असतं. पण आमच्याकडे बाहेरचं बसणं कडक. चूल, पाणी, देव, कशालाच हात लावायचा नाही. चार दिवसांचं बसणं पंधरवड्यावर गेलं. विहिरीचं पाणी, मुलांची जेवणं, वाडीत सुपारी सोलायला येणाऱ्या बायकांचा चहा, सगळं सासूबाईंच्या गळ्यात पडलं. शेजारीण म्हणायची, "लपव की! कोण बघायला येतंय?" मला ते जमेना. माझाही त्या सगळ्यावर विश्वास होता.

एका सकाळी सासूबाई कळशीसकट विहिरीपाशी घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. हे दारात उभे राहून म्हणाले, "आता चुलीपुढे कोण बसणार?"

ह्यांचा आवाज चढला नव्हता. खरीच अडचण होती. पुढच्याच आठवड्यात मी लूप काढून घेतला.

डॉक्टरीणबाई भडकल्या. "आणखी मूल हवंय का तुम्हाला?"

"नाही हो. स्वयंपाक करायचाय."

त्यांना ते उत्तर उर्मटपणाचं वाटलं असावं.

सांभाळून राहायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. काही काळ राहिलोही. मग दिवस गेले.

चौथ्या खेपेला मुलगी झाली आणि मला ताप चढला. कित्येक दिवस मी शुद्धीवर नव्हते. सासूबाई माझ्या उशाशी बसून होत्या, त्या तिथून हलायला तयार नव्हत्या. भान आलं तेव्हा पिठल्याचा वास आला. दारातून स्वयंपाकघर दिसत होतं. हे चुलीपुढे बसून भात वाढत होते आणि मुलं निमूट जेवत होती.

"ह्यांना येतं?" मी विचारलं.

"न यायला काय झालं? शिकायला बाहेरगावी होता तेव्हा हातानेच करून जेवायचा," सासूबाई म्हणाल्या.

मी रागाने रडायला लागले. जीव वाचला म्हणून रडतेय असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी पदराने माझे डोळे पुसले.